आत्याच्या कलमांवरून गेलेली तार

अप्पा, आत्याच्या तेराव्याहून परत आले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

हेदवीच्या अलीकडे, समुद्राकडच्या उघड्या कातळी सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या ते नव्व्याण्णव साल असावं. त्यांची वीज उपकेंद्रापर्यंत नेणारी लाईन टाकायचं काम तुमच्याकडे होतं आणि ती आत्याच्या कलमांवरून जायची होती. वाडीत अजून दिवे नव्हते. मी तुमच्यासोबत आले होते. आत्या आंबोळ्या घालत होती. तुम्ही चुलीजवळ पाट ओढून बसलात. "अक्के, झाडं तोडावी लागतील. पण वाडीतला पहिला दिवा तुझ्या ओटीवर लागेल." विधवा बाई, नवऱ्याने लावलेली हापूसची झाडं. विस्तवाकडे बघत तिने विचारलं, "नक्की ना रे?" तुम्ही तिच्या हातावर हात ठेवलात. अडून बसलेली वाडी तिचा होकार ऐकून वळली.

लाईन सुरू झाली त्या दिवशी आत्याने ओटी सारवून ठेवली होती. सड्यावर पाती फिरत होती, तार घरावरून पुढे निघून गेली होती, आणि संध्याकाळी आत्या नेहमीसारखी कंदिलाची काच पुसत बसली होती. "होईल, थोडं थांब," तुम्ही म्हणालात. ती थांबली. पुढे डिप्लोमाला असताना वर्गात कळलं, की तेवढ्या उच्च दाबाच्या तारेवरून घरात वीज घेता येत नाही. त्याला दाब उतरवणारं रोहित्र लागतं, वेगळी लाईन लागते. घरी येऊन मी विचारलं, "वाडीसाठी काहीच मंजूर नव्हतं, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?" तुम्ही जेवत होतात. "होतं. सांगितलं असतं तर तिने झाडं दिली असती का?" आणि आईकडे ताक मागितलंत. त्या ताकाचा राग मला अजून येतो. परक्या साहेबावर आत्याने विश्वास ठेवलाच नसता. तुमच्यावर ठेवला, आणि तुम्ही नेमका तोच वापरलात.

वाडीत वीज आली ती तुमच्यामागे. मी मीटरचा अर्ज घेऊन गेले, तर आत्या म्हणाली, "मला नको गो. भाऊ लावणार होता, तो गेला." शेवटपर्यंत ती कंदिलावरच राहिली.

गेल्या महिन्यात अंथरुणावरून तिने विचारलं, "भाऊला ठाऊक होतं का गो?"

"नाही आत्या. त्यांनाही वरच्यांनी फसवलं."

"तरी मला वाटलंच," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. आत्याला शांतपणे जाता यावं म्हणून खोटं बोलले, असं मी घरी सांगितलं. तसं नव्हतं, अप्पा. मला तुमची अब्रू राखायची होती.