आईच्या हातात गाडी

२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी मला प्रवासाला सक्त मनाई केली आहे, म्हणजे बाळंतपण इथेच, या डोंगरावर. आई हवी आहे, बाबा. पण तिला गाडी लागते हे सगळ्या घराला ठाऊक. बसचं नुसतं नाव काढलं तरी चेहरा उतरतो. फोनवर विचारलं तर बघू म्हणते आणि फोन तुमच्या हातात देते, म्हणून हे पत्र. तुम्ही विजेची गाडी घेताय ना? तिला धुराचा वास नसतो म्हणे. तिच्यात तरी आई बसेल का?

लोभ आहेच, तो घेऊन दोघं इकडे या.
तुमची बबडी

१४ मार्च

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

गाडी आली. जन्मभर ट्रक हाकलेला मी. माझ्या शंकाही ट्रकवाल्याच्याच. तुझा चढ चढेल का, आणि दारापर्यंत पोचेल का. चढाचं उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं. पाय ठेवला मात्र, गाडी अशी सुटली की माझी टोपी मागच्या सीटवर! पोचायचं म्हणशील, तर वाटेत एकदा चार्जिंगला थांबावं लागेल. चहाला थांबतोच की. डिकीत पाळणासुद्धा मावतो, ठेवून पाहिला.

पण आईचं जमलं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ही गाडी ब्रेक दाबल्यासारखी आपणहून वेग आवरते, आणि माझा पाय पडला ट्रकचा. हिसके बसले. गावाबाहेरच्या पुलापलीकडे ती उतरली आणि कठड्यावर बसून राहिली. शोरूमवाल्याने ते आवरणं सौम्य करून दिलं, तरी तिचं पोट ढवळतंच. काल म्हणाली, लेकीला सांगा, माझ्याने होणार नाही. मग आत जाऊन कोरडी भांडी पुन्हा पुसत बसली.

आशीर्वाद आहेत, पण कळवण्यासारखं चांगलं काही नाही.
बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग टोपीवर हसले. डॉक्टरीणबाईंना आईचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मलाही गाडी लागते, म्हणून मी स्वतःच चालवते. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही. बाबा, तुमच्या गाडीला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. आईला शिकवा. आणि कृपा करून क्लीनरवर ओरडायचात तसं ओरडू नका.

माया असू द्या, आवाज खालचा असू द्या.
बबडी

२० मे

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला लायसन मिळालं! बाजाराच्या मोकळ्या मैदानात शिकवलं. पहिल्याच दिवशी मी ओरडलो. तिने गाडी थांबवली, मला खाली उतरवलं आणि एकटीच मैदानाला फेरी मारून आली. कपाळावर घाम, पण पोट शांत. म्हणाली, समोरून रस्ता असा दिसतो होय! आता भाजी आणायलाही किल्ली तीच उचलते. मी शेजारी पिशव्या धरून. सोमवारी निघतो. तुझा चढ तीच चढवणार आहे. मी डोळे मिटून घेणार आहे.

आशीर्वाद देतो, बाकी भेटीत.
बाबा

९ जून

बबडीच्या बाबांना सप्रेम नमस्कार, वि. वि.

झाडांना पाणी कोण घालणार म्हणून तुम्ही बसने परतलात, आणि इकडे नात आली. फोनवर दोघी सुखरूप आहेत एवढंच सांगितलं. बाकीचं लिहूनच कळवते.

सकाळी जावई कामावर गेले आणि बबडीला कळा सुरू झाल्या, तारखेच्या आधीच. ॲम्ब्युलन्स खालून वर यायला फार वेळ लागणार होता. गाडी घरच्या सॉकेटला लावलेलीच होती. वायर काढली, तिला मागे आडवी केली आणि उतार धरला. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे मागचा तिचा श्वास न् श्वास ऐकू येत होता. ती दम धरायची, मी हळू करायचे. ती सोडायची, मी पुढे जायचे. मध्येच म्हणाली, आई, बोलत राहा. मग ती जन्मली त्या दिवसाचं सांगू लागले. आजवर तिला कधी सांगितलंच नव्हतं. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा गोष्ट अर्धीच झाली होती. काल नातीला मांडीवर घेऊन पुरी केली.

लोभ आहे तो वाढतोच आहे. झाडं शेजाऱ्यांवर सोपवा आणि लगेच निघा. बसथांब्यावर तुम्हाला न्यायला मी येते.

बबडीची आई