सून नव्हे, तिरामिसू

आये,
अमृतचा दंडवत.

परवा फोनवर मी "तिरामिसू" म्हणालो, तुला "सून" ऐकू आलं आणि रेंज गेली ती गेलीच. तू गावभर सांगून मोकळी झाली असशील, म्हणून हे पत्र. सून न्हाई गं, ते इकडचं, इटलीतलं एक गोड खाणं आहे. इथल्या हॉटेलात रोज मीच करतो. कॉफीत बुडवलेली बिस्किटं, त्यावर मलईचा थर.

तब्येत बरी आहे. खोलीत हीटर आहे. सुट्टीच्या दिवशी बोलायला कुणी नसतं, मग झोप भरपूर होते.

तुझा गुडघा कसा आहे? भात लावायला वाकू नकोस.

काल हॉटेलच्या मालकिणीला त्या नावाचा अर्थ विचारला. "मला वर उचल," ती म्हणाली. खाल्लं की उभारी येते म्हणून. मला नीट कळावं म्हणून तिनं दोन्ही हात वर केले. लहानपणी भाताच्या आवणीच्या वेळी बांधावर मी असाच उभा राहायचो ना? "आये, कडंवर घे!" तू चिखलाच्या हातांनी तशीच घ्यायचीस.

आता ताटली तयार झाली की मी दिवसातून वीसदा मोठ्यानं ओरडतो, "तिरामिसू!" कुणीतरी येतं आणि ताटली उचलून नेतं.

तुझाच,
अमृत