डेकवरची ओढणी

असोदा,
१४ ऑगस्ट

चि. लीलाधर यास,
काकूचे अनेक आशीर्वाद.

रविवारी कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट झाले. सगळे भाऊबंद आले, फक्त तूच नव्हतास. रोट घराबाहेर देता येत नाही, म्हणून तुझ्या वाट्याचा मीच खाल्ला. माझं वजन वाढलं तर दोष तुझा.

भडगावचा प्रेमराज सुट्टी संपवून जहाजावर निघालाय. तूच त्याला तिथे स्वयंपाकी म्हणून चिकटवलंस, तेव्हा तुझं पुडकं नेण्याइतकं काम त्याने करायलाच हवं. आत कानबाईच्या चौरंगावरची लाल ओढणी आहे. हेलिकॉप्टर उतरतं ती जागा जहाजावर सगळ्यात धोक्याची, असं तूच सांगतोस. पावसाळ्यात खालून जहाज हलणार आणि वरून ते उतरणार. ओढणी तिथेच बांध. घडी करून पेटीत कोंबू नकोस.

जेवणाची हयगय करू नकोस. आईमागे तुला मी वाढवलंय, तेव्हा रागवायचा हक्क माझाच.

तुझी,
कमलकाकू


जहाजावरून,
२ सप्टेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

फोन जेवणाच्या खोलीत आहे, तिथे सगळे ऐकतात. म्हणून लिहितोय. वाचून झालं की फाडून टाक.

हेलिकॉप्टर यायच्या आधी ते उतरतं ते डेक तपासणं हे माझं काम. टोपी, प्लास्टिकची पिशवी, साधा कागद, काहीही मोकळं राहता कामा नये. पात्यांचा वारा ते उचलतो, आणि पात्यात किंवा इंजिनात गेलं तर आतल्या माणसांचं काही खरं नाही. त्यातून लाटेवर डेक वरखाली होत असतं, पायलटला चुकायला जागाच नसते. हे मी सगळ्यांना इतकं ऐकवलंय की पोरं माझी नक्कल करतात. प्रेमराज खालच्या कठड्यावर स्वयंपाकघराचे लाल पंचे वाळत घालायचा, त्यावरून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

आणि तुझी ओढणी मी डेकच्या कडेच्या जाळीला बांधली. शुक्रवारी तपासताना ती मला दिसली, काकू. गाठ ओढून पाहिली आणि देवीची आहे म्हणून राहू दिली. दुसऱ्या कुणाची असती तर त्याची मी सालटं काढली असती.

समुद्र खवळलेला होता. हेलिकॉप्टरचं एक चाक टेकलं न टेकलं तोच गाठ सुटली आणि ओढणी सरळ पात्यांकडे उडाली. पायलटने झटक्यात वर घेतलं. त्याच वेळी जहाज कललं, चाक कडेच्या जाळीला घासलं, आणि आग विझवायच्या नळीजवळ उभा असलेला आमचा माणूस घाबरून मागे सरकला तो खालच्या शिडीवर पडला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. हेलिकॉप्टर कसंबसं किनाऱ्याला परत पोचलं. ओढणी समुद्रात गेली.

पायलटने लाल कापड पाहिल्याचं कळवलं. लाल कापड म्हणताच सगळ्यांनी प्रेमराजकडे पाहिलं. मीही पाहिलं. काल त्याला चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी पाठवलं. निघताना माझ्या पाया पडला, आणि मी पडू दिलं. मला माझीच किळस येते. काय करू ते सांग.

तुझा,
लीलाधर


असोदा,
९ सप्टेंबर

चि. लीलाधर यास,
आशीर्वाद.

चूक माझी. ओढणी मी पाठवली, बांधायचा हट्ट मी धरला. तू गप्प राहा. हे बाहेर पडलं तर असोद्याच्या बाईने देवीची ओढणी पाठवून हेलिकॉप्टर पाडलं असतं, असं गावभर होईल, आणि देवीलाही लोक नावं ठेवतील. स्वयंपाक्याला कुठेही काम मिळतं. तुझी जागा गेली तर परत मिळायची नाही.

भडगावला प्रेमराजच्या आईला, बेबाबाईला, भेटून येते. घरची केळी नेईन. तेवढंच त्यांना बरं वाटेल.

तुझी,
कमलकाकू


असोदा,
१६ सप्टेंबर

चि. लीलाधर यास,

मागचं पत्र मी लिहिलंच नाही असं समज. मला ते आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

भडगावला गेले. बेबाबाईंनी केळी घेतली, पाणी दिलं, लगेच चूल पेटवली. कळण्याची भाकरी आणि शेवेची भाजी वाढली. मी सांत्वनाचं बोलत होते, की पोरांच्या हातून होतात चुका, लीलाधर काहीतरी करील. त्या ऐकून घेत होत्या. प्रेमराज ओट्यावर पाठ करून बसला होता.

दुसरी भाकरी वाढताना त्या अगदी सहज म्हणाल्या, की ओढणी कानबाईची व्हती, ते आमले पहिल्या दिवसपासून माहीत शे. पुडकं प्रेमराजनेच नेलं होतं ना. तू बांधताना त्याने पाहिलं होतं. चौकशीत त्याने तुझं नाव घेतलं नाही, कारण नोकरी तू लावून दिली होतीस, आणि लीलाधरभाऊ स्वतःच सांगतील अशी त्याची खात्री होती. मायलेक तीच वाट पाहत होते. मी दारात दिसले तेव्हा बेबाबाईंना वाटलं, की मी तेच सांगायला आले.

मला सगळं माहीत असून मी त्यांच्या ताटात जेवत होते, आणि त्यांना सगळं माहीत असून त्या मला वाढत होत्या. हातातला घास मी ताटात ठेवला. मी माफी मागितली, तर म्हणाल्या की माझी माफी घेऊन त्या काय करतील, पोराच्या माथ्यावरचा डाग तर तसाच राहतो.

लोक हसतील तर हसू देत. चौकशीत माझं नाव सांग, देवीचंही सांग. आधी मात्र तुझं सांग.

काकू


मुंबई,
३० सप्टेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी कप्तानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, की त्यांनी दुसऱ्या कुणावरही विश्वास ठेवला नसता इतका त्या डेकच्या बाबतीत माझ्यावर ठेवला होता. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला डेकच्या कामावरून काढलंय. पुढे ठेवतील की नाही ते माहीत नाही. जखमी माणसाला इथल्या इस्पितळात भेटून आलो. त्याने तोंड फिरवलं.

प्रेमराजला परत बोलावलं. तो ज्या हेलिकॉप्टरने आला, त्याच हेलिकॉप्टरने मी जहाज सोडलं. तो उतरून आला आणि मी चढायला निघालो, तेव्हा डेकवर आम्ही हातभर अंतरावरून गेलो. पात्यांच्या आवाजात काही बोलता येत नाही. पात्यांखालून जाताना मान खाली घालायची, हा नियम तिथे सगळ्यांना मीच शिकवलाय. सगळे तसेच चालत होते, म्हणून माझी खाली गेलेली मान कुणाच्या लक्षात आली नाही.

भडगावला जाऊन मगच असोद्याला येतो. तोवर तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
लीलाधर