बोल्टखालचं कुंकू

मेडनहेड, इंग्लंड, दसरा, १९९०

कप टीव्हीवर ठेवलाय. नजर गेली की डोकं फिरतं.

आज जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबचा शो होता. निघायच्या आधी बाबांनी माझ्या चिलखती गाडीची पूजा केली. कुंकू लावलं, झेंडू नव्हता म्हणून गार्डनमधली पिवळी फुलं वाहिली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत त्यांनी असलीच गाडी चालवली होती, आणि तिथेही दसऱ्याला कुंकू लावलं होतं. त्यांचा गोरा कॅप्टन टोपी काढून बाजूला उभा राहिला होता म्हणे.

आणि आजचा हा जज! युद्धानंतर जन्मलेला, डोक्यावर फौजी बेरे टोपी. कुंकवाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे वॉरटाइमचं नाही. मार्क्स जातील."

मी सांगणारच होतो की हे माझे वडील, यांनी... पण बाबांनीच खिशातून रुमाल काढला. "जाऊ दे रे. तीन वर्षं राबलायस तू." आणि पुसायला लागले. साहेबासमोर शिपायाने पुसावं तसं, अगदी घासून. मी बघत का राहिलो?

'सर्वांत अस्सल गाडी'चा कप मिळाला. फोटोसाठी क्लबातले दोघे भाड्याचा युनिफॉर्म घालून वर चढले. बाबांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. ते झालेही.

घरी येऊन गाडी गॅरेजमध्ये लावली, तेव्हा दिसलं. एका बोल्टखाली कुंकू राहिलंय. तेवढ्यात बाबा मागून आले, हातात तोच लाल झालेला रुमाल.

"कुठे राहिलं नाही ना रे?"

"नाही, बाबा," म्हणालो, आणि बोल्टवर हात ठेवला.