सुनील मान हलवत होता

डिंडोली, सुरत, रविवार संध्याकाळ

पायाला फोड आलेत, पण ते जाऊ दे. आज सुनीलबरोबर सचिन स्टेशनपासून पार कोसाडपर्यंत चालले. डायलिसिसच्या मशीनसाठी मदतफेरी होती, त्याच्या कापड कारखान्यातल्या लोकांनी काढलेली. खरं सांगायचं तर मला मशीनचं काय? मला धाकट्या भावाजवळ चार-पाच तास हवे होते.

आणि मी सांगून टाकलं. तीन वर्षं गिळून ठेवलेलं. गावी आई शेवटचे दोन दिवस "सुन्या आला का?" एवढंच विचारत होती आणि मी त्याला फोन केला नाही. त्याचा खाडा पडेल, शेठ त्याच्या लूमवर दुसरा माणूस उभा करेल, म्हणून. की आई मला एकटीलाच हवी होती? तेही सांगितलं. त्याच्या शेजारून चालत, रस्त्याकडे बघत. सुनील मान हलवत होता. वाटलं, माफ केलं त्याने.

कोसाडला ताकाचा ग्लास घेऊन तो समोर उभा राहिला, माझ्या ओठांकडे बघत. "ताई, रस्ताभर काय सांगी राहिनी व्हती?"

वीस वर्षं लूमच्या खडखडाटात कान गेलेत त्याचे. समोरच्याचे ओठ दिसले तरच त्याला बोलणं कळतं. हे मला ठाऊक आहे. मग एकदाही समोर जाऊन का नाही बोलले?

"काही नाही रे," म्हणाले.

त्याने तश्शीच मान हलवली. एवढं मात्र त्याला नीट कळलं.