बिस्किटांचा बंगला आणि गाडीचे पाटे

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेनऊ (घड्याळात साडेअकरा)

आजपासून रोजनिशी. उद्या माणूस मोठा झाला की लोक विचारतात, सुरुवात कशी झाली? तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.

सुरुवात अशी झाली. धोंडबामामाचा पिकअप आहे. काटोलहून संत्री भरायची, कळमन्याच्या मार्केटला खाली करायची, ही त्याची लाईन. बारा वर्षांत मामाची कंबर गेली. काल जेवताना म्हणे, आता गाडी घरातल्याच कोणी चालवा. मी लगेच हात वर केला. कोणी हसलं नाही. माझी बहीण रोशनी हसली, पण तिचं लग्न ठरल्यापासून ती कशावरही हसते.

मामाची अट एकच. ३० तारखेला रोशनीचं लग्न, भिवापूरला, नवऱ्याकडच्यांच्या हॉलवर. कुसुमआत्याने केलेलं रुखवत मी पिकअपने तिथे पोचवायचं. अख्खं. पोचलं तर गाडी आणि काटोलची लाईन माझी. नाही पोचलं तर एक तारखेपासून मनोहररावांच्या झेरॉक्सच्या दुकानात. मनोहरराव शेजारचे, माणूस चांगला, पण त्यांच्या दुकानाला खिडकी नाही. खिडकी नसलेल्या जागी मी दोन तासांच्या वर टिकत नाही, हे कॉलेजने सिद्ध केलेलं आहे.

मामा उठता उठता म्हणे, मागचा डावा शॉकअप गळून राहिला गा, तेवढा बदलून घे.

तेवढा? मामाचे विचार लहान आहेत. मी पूर्ण सस्पेन्शन अपग्रेड करणार.

११ नोव्हेंबर. दुपार

अभ्यास. सस्पेन्शनवर व्हिडिओ पाहिले, चार तास. पहिला शॉकअपचा होता. दुसरा लडाखला पिकअप नेणाऱ्याचा. तिसरा ऑस्ट्रेलियात ट्रकमध्येच राहणाऱ्या एका माणसाचा. तो ट्रकमध्ये पाव भाजतो. पावाचे पुढचे सहा व्हिडिओ.

पाव आता मला जमेल. शॉकअप उद्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मिस्त्रीकडे निघालो होतो. चौकात एका म्हाताऱ्या बाबाने हात दाखवला. त्याला रामटेकला जायचं होतं. मीही बरेच दिवसांत गेलो नव्हतो. वर गडावर माकडाने चष्मा नेला. बाबाचा, माझा नाही.

गाडी येता-जाता मागून खूप गळली. म्हणजे समस्या प्रत्यक्ष पाहिली. दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रुखवताची पाहणी केली. माल कोणता आहे ते ट्रान्सपोर्टवाल्याला माहीत पाहिजे.

आत्याने पलंगावरची चादर उचलली. शेवयांचं घरटं, त्यात साखरेचे दोन पक्षी. खारकांची वेणी. पापडाची विहीर. आणि मधोमध बिस्किटांचा बंगला. दोन मजली. गॅलरी आहे. अंगणात साखरेचा झोपाळा, तो हलतोसुद्धा. आत्याचे गुडघे गेलेले, तरी चार महिने खाली बसून केलं. तिच्या स्वतःच्या लग्नात रुखवत मांडलंच नव्हतं, दोन्हीकडची भांडणं, तासाभरात उरकलं होतं. हे ती सांगत नाही, आई सांगते.

आत्या म्हणे, अंकुश, रोशनीच्या सासूनं बंगला अख्खा पायला पाहिजे. फुटला तर मी रडणार नाही, तुले पाहून घेईन.

मी म्हटलं, आत्या, तुझा बंगला जागचा हलणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ

शेवटी मिस्त्री. रविंद्र मिस्त्री, लकडगंजच्या मागे. पाट्याचं काम करावं तर त्यानेच, असं सगळे म्हणतात. तिथे मोठमोठे ट्रेलर उभे. मिशावाले ड्रायव्हर चहा पिऊन राहिले होते. सगळ्यांदेखत मिस्त्रीने विचारलं, लोड काय राहते गा गाडीत?

आता एवढ्या लोकांत बिस्किटांचा बंगला कसा सांगायचा?

म्हटलं, लोखंड. किती? म्हटलं, दोन टन. कधी कधी? म्हटलं, रोज.

एका ड्रायव्हरने सरकून मला बाकावर जागा दिली. चहा आला. आयुष्यात पहिल्यांदा मला न मागता चहा आला.

मिस्त्री म्हणे, मग नुसत्या शॉकअपनं काय होते, पाटे वाढवा लागते. मागे लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक असतात, त्यावर सगळं वजन बसतं, त्यांना पाटे म्हणतात. हे मला माहीतच होतं (आता). दोन्हीकडे दोन-दोन पाटे जास्त आणि कडक शॉकअप, असं ठरलं. मिस्त्रीने शेवटी विचारलं, गाडी खाली, म्हणजे रिकामी, पळते का कधी?

म्हटलं, कधीच नाही.

खोटं बोललो असं नाही. मोठा विचार केला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गाडी मिळाली. मागून चार बोटं उंच. भांडायला निघालेल्या कोंबड्यासारखी दिसते. लय भारी.

घरी येताना डोकं टपाला तीनदा लागलं. सीटवरची पाण्याची बाटली उडून मागे गेली की पुढे, अजून सापडली नाही. नवीन बूट सुरुवातीला चावतात, तसंच हे. मिस्त्री म्हणाला होता, खाली गाडी उडेन, लोडवर चालवून पाय. मिस्त्री लोकांना बोलायची सवय असते.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी ट्रायल.

२१ नोव्हेंबर. दुपारी बारा, सकाळची ट्रायल

शास्त्रीय परीक्षा घेतली. बारा अंड्यांचा ट्रे मागे ठेवला. दिघोरीच्या पुलापर्यंत आणि परत.

दोन वाचली. त्यातलं एक तडकलेलं होतं, पण ते दुकानातूनच तसं आलं असावं. निष्कर्ष एक: अंडी कमजोर. निष्कर्ष दोन: अंडं आणि रुखवत यात फरक आहे. आत्या पाक घट्ट करते. अंड्याला पाक नसतो.

रात्री आमलेट. मामाने दोनदा घेतलं. आज एवढी अंडी काहून, असं विचारलं. ट्रायल, म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार. मोठा दिवस!

मामासोबत काटोलला गेलो. जाताना गाडी रिकामी. मामा दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला. येताना संत्र्यांचे क्रेट गच्च भरले, दीड टन. आणि काय सांगू! गाडी लोण्यासारखी. खड्डा आला की गेला कळत नव्हतं. मामा केबिनमध्ये झोपला. घोरला! मार्केटात उठला आणि म्हणे, पोट्ट्या, हे काम तू बरं केलं बे.

सिद्ध झालं. फाईल बंद. काटोलला एका बागवाल्याने संत्र्याचं कलम कसं बांधतात ते दाखवलं, दोन तास गेले. पुढेमागे बागही पाहता येईल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रोशनीला ब्लाउज आणायला नेलं. वाठोड्याच्या चौकात ती उतरली आणि ऑटो केला. म्हणे, दादा, तुझ्या गाडीत माझ्या आतले पार्ट जागा बदलून राहिले. रुखवताचं तू पाय, मले मात्र लग्नाला दुसऱ्या गाडीतनं पाठव.

नाही म्हटलं तरी लागलं ते. मिस्त्रीकडे गेलो. बाकी कोणी नाही असं पाहून त्याला सगळं सांगितलं. बंगला, झोपाळा, पक्षी, सगळं.

मिस्त्री पाना खाली ठेवून हसला. मग आतल्या दोघांना बोलावून मला परत सांगायला लावलं. रुखवताचं वजन विचारलं. म्हटलं, डब्यांसकट चाळीस किलो. म्हणे, अबे भैताड, दोन टनाच्या पाट्यावर चाळीस किलो ठेवशीन तं पाटा वाकतेच नाही. खड्डा सरळ तुझ्या बंगल्यात जाते. काटोलवरून संत्र्यात तुले लोणी काहून वाटलं? लोड होता म्हणून.

पाटे काढून द्या म्हटलं. म्हणे, लग्नाचा सीझन आहे, मंगळवारशिवाय हात लावता येत नाही. पण उपाय सांगितला. टनभर वाळूची पोती खाली टाक, वर रुखवत ठेव.

साधं! उद्या वाळू.

मी निघताना म्हणे, दोन टन लोखंड वाहायला गाडी खरंच पाहिजे होती इथल्या एका लोखंडवाल्याले, मले वाटलं तुझी कामी येईन. आणि परत हसला.

२८ नोव्हेंबर

वाळूला निघालो. डेपोच्या बाजूच्या मैदानावर टेनिस बॉलची फायनल. अंपायर आला नव्हता. दोन्ही टीम भांडणावर आलेल्या. अशा वेळी निघून जाणं मला जमत नाही. निर्णय निष्पक्ष दिले. शेवटच्या निर्णयानंतर थोडं पळावं लागलं, वाळूच्या उलट्या दिशेने.

वाळू उद्या, पहाटेच.

२९ नोव्हेंबर

हळद. बहिणीच्या हळदीला अंगाला वाळू लावून फिरणं शोभत नाही.

शिवाय वाळूपेक्षा चांगली आयडिया आहे. गाद्या! पाच गाद्या एकावर एक, वर रुखवत. मिस्त्रीच्या डोक्यात आलं नाही, कारण मिस्त्री लोखंडातून विचार करतो.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.१०

रुखवत गाद्यांवर. दोरीने सगळीकडून बांधलं. बाकी घर आठच्या ट्रॅव्हल्सने येणार. आत्या माझ्यासोबत केबिनमध्ये, नऊवारीत, मागच्या काचेकडे तोंड करून. मनःस्थिती: उत्तम.

६.३५

पहिला स्पीडब्रेकर. गाडी उडाली, मग गाद्या उडाल्या, मग गाद्यांवरचं. गाद्या अंदाजापेक्षा जास्त उडतात.

आत्या म्हणे, गॅलरी गेली. एवढंच म्हणाली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

६.५०. दिघोरी

गाडी बाजूला घेतली. आत्या उतरली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि भिवापूरकडे जाणारी एसटी हात दाखवून थांबवली. ड्रायव्हर ओरडला, मावशी, मरायचं आहे का वं? आत्या म्हणे, मरीन, पण बंगला फुटू देणार नाही. मागे येऊन पाय.

ड्रायव्हर उतरला. कंडक्टर उतरला. मग अर्धी बस उतरली. बंगला पाहून ड्रायव्हर परत गेला आणि इंजिन बंद करून आला.

मग बायांनी काम हातात घेतलं. ओळख ना पाळख. एकीने मांडीवर शेवयांचं घरटं घेतलं, एकीने विहीर, एकीने वेणी. बंगला आत्याच्या मांडीवर. झोपाळा वेगळा काढून उमरेडला जाणाऱ्या एका बाईने धरला. कंडक्टर दारात उभा राहून हळू, हळू करत होता. एकाने मला विचारलं, मग ही गाडी कशाले आहे गा? मी दोरी गुंडाळत होतो, ऐकू आलं नाही असं केलं.

८.२०. उमरेडच्या पुढे

एसटी पुढे, मी मागे. रिकामा. म्हणजे सुरक्षेसाठी. मोठ्या लोकांच्या गाड्यांमागेही एक गाडी असतेच. एक गादी कुठेतरी उतरली.

दुपारी १.००. हॉल

रुखवत मांडलं. अख्खं! उमरेडवाल्या बाईने उतरायच्या आधी गॅलरीसुद्धा बसवून दिली होती. पिशवीतल्या गुळाने चिकटवली, बिस्किटं नातवाच्या पुड्यातली, चॉकलेटची. त्यामुळे बंगला पिवळा आणि गॅलरी काळी. रोशनीच्या सासूबाई सगळ्यांना तेवढंच दाखवून राहिल्या, गॅलरीले सागवान लावलं पाहा. आत्या पदराने नाक पुसत होती. जुकाम, म्हणाली. सगळ्या बाया जेवायला निघाल्यावरही ती रुखवताजवळून हलली नाही.

माझ्या मते अट पूर्ण झाली. रुखवत पोचलं, आणि मी त्याच्या मागेच होतो.

२ डिसेंबर, मंगळवार

मामाचा निकाल. म्हणे, रुखवत पोचलं, तू नाही पोचवलं. काटोलची लाईन नाही. मी झेरॉक्सच्या तयारीने शर्ट इन केला.

तेवढ्यात मामाला रविंद्र मिस्त्रीचा फोन आला. लकडगंजच्या त्या लोखंडवाल्याला अजून गाडी हवीच आहे. पाटे वाढवलेली, कडक शॉकअपची, रोज चालणारी. मामा फोनवर म्हणे, हाव, आपल्याकडे तयारच आहे. ड्रायव्हरसकट.

पाटे काढायला गाडी आजच जाणार होती. गेली नाही.

८ डिसेंबर, सोमवार

रोजनिशी सोडलेली नाही. बोटं नीट वळत नाहीत, म्हणून उशीर.

लोखंड. मी दोन टन म्हटलं होतं, मामाच्या ताकिदीमुळे दीडच भरतात. बाकी जे बोललो ते सगळं खरं झालं. रोज. लकडगंज ते वाठोडा, वाठोडा ते लकडगंज. चार किलोमीटर. सळाखी भरायला दोन माणसं असतात, त्यातला एक मी.

गाडी मात्र अशी चालते की डॅशबोर्डवरचा चहा हलत नाही. मिस्त्रीकडचे ड्रायव्हर हात करतात. अपग्रेड यशस्वी झालं, हे आता कोणीही नाकारणार नाही. आणि केबिनला दोन खिडक्या आहेत, हा मुद्दा विसरता येत नाही.

वाटेत मनोहररावांचं दुकान लागतं. समोरच रोज जाम. आज थांबलो तर पाहिलं, त्यांनी भिंत फोडून रस्त्याकडे मोठी खिडकी केली आहे. आत कूलरही. खिडकीशी खुर्चीवर बसून मनोहरराव संत्रं सोलत होते.

त्यांनी हात केला. मी हॉर्न वाजवला.