बेसमेंटमधली कोमट जागा

स्केनेक्टडी, न्यूयॉर्क
११ जानेवारी २०२५

ती. शैलाकाकूस,

वेदांतचा शि. सा. न. वि. वि. चँडलरच्या उन्हात तू बरी असशील असं धरून चालतो. इथे उणे चौदा आहे.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र. तुझ्या रविवारच्या शाळेतलं मराठी किती टिकलंय तेही तुला कळेल. चुकांना लाल पेन लाव, पण पत्र परत पाठवू नकोस.

मी ठीक आहे. घर ठीक नाही. बॉयलरचं पाणी कमी होतंय. तुला माहीत असेल, तरी लिहितो. बॉयलरमधली वाफ पाइपांतून वर रेडिएटरमध्ये जाते, तिथे थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते परत खाली येतं. म्हणजे तेच पाणी फिरत राहायला हवं. बॉयलरच्या अंगाला जी उभी काचेची नळी आहे, तिच्यावर मी रोज सकाळी पेनने खूण करतो. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या चार बोटं खाली. रोज भर घालतो, रोज ते जातं. कुठे ओल नाही, डाग नाही. सकाळी पाइप आतून ठोकल्यासारखे वाजतात. घरात मी एकटाच आहे आणि कुणीतरी पाणी पितंय, असं वाटायला लागलंय.

अनिकाताई म्हणते, मार्चपर्यंत कारण सापडलं नाही तर घर आहे तसं विकून टाकू. तू परत येशील म्हणून मी इथे राहायला आलो. दोन वर्षांत कॉलेज सोडलेल्या पोरावर घर सोपवलं आणि त्याने ते घालवलं, असं व्हायला नको.

काकांना हे माहीत होतं का?

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे. उत्तर आलं की खात्री पटेल.
वेदांत


चँडलर
१८ जानेवारी

चि. वेदांत,

अनेक आशीर्वाद. लाल पेन हुडकून काढलं, पण कामाला आलं नाही. इतकं शुद्ध लिहिणाऱ्या मुलाची काळजीच वाटते. जरा चुकत जा.

ह्यांना माहीत होतं. रोज पाणी घालायचे. जन्मभर टर्बाइनवर काम केलेला माणूस, पण घरच्या बॉयलरबद्दल विचारलं की म्हणायचे, म्हातारा झालाय, तहान लागते त्याला.

आता एक लिहिते, ते माझी लेक असली तरी अनिकाला सांगू नकोस. खाली बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या पुढे उभा राहू नकोस. हे तिथे गेले.

मी विरजण लावलं की भांडं हे खाली ठेवून यायचे आणि पहाटे वर आणायचे. भर जानेवारीत माझ्यासारखं दही गावात कुणाकडे लागत नसे. मंडळातल्या बायका हाताचा गुण म्हणायच्या आणि मीही नाही म्हणत नसे. भांडं नेमकं कुठे ठेवतात, ते कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मी सातला उठले. हे दिसले नाहीत, वाटलं फिरायला गेले. मग कोल्हापूरच्या बहिणीशी तास-दीड तास फोनवर बोलले. पाइप वाजत होते, रोज वाजतात तसे. साडेनवाला कपडे धुवायला खाली गेले, तर हे पालथे पडलेले, शेजारी दह्याचं भांडं. जमिनीवर टेकलेला हात मी हातात घेतला. तळवा कोमट होता.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेले, क्षणात. मी मान हलवली. चार तासांपूर्वी गेलेल्या माणसाचा तळवा कोमट कसा राहील? म्हणजे मी वर हसत होते तेव्हा हे खाली जिवंत होते. आणि ते वाजणं पाइपांचं होतं की ह्यांचं, कुणास ठाऊक.

तेराव्यापर्यंत रोज खाली जाऊन त्या जागेला हात लावला. बाकी फरशी बर्फासारखी, तेवढीच जागा गार होत नव्हती. चौदाव्या दिवशी अनिकाबरोबर इकडे तिच्या घरी निघाले. परत यायचं म्हणतोस, पण कशी येऊ?

जेवत जा. माया आहे, ती पत्रात मावत नाही.
काकू


स्केनेक्टडी
२७ जानेवारी

ती. काकूस,

सा. न. तुझं पत्र सहा वेळा वाचलं. उत्तर द्यायला उशीर केला, कारण मोजल्याशिवाय काही लिहायचं नव्हतं.

आधी प्रत्येक रेडिएटरच्या हवेच्या झडपेसमोर थंड आरसा धरला. वाफ सुटत असती तर आरसा धुरकटला असता. मग रस्त्यापलीकडे उभा राहून तासभर चिमणी बघितली. बॉयलर वरच्या बाजूला फुटला असेल तर पांढरी वाफ धुराड्यातून जाते. तसंही नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही हरवलंय का. मी हो म्हटलं.

मंगळवारी बॉयलर पूर्ण बंद ठेवला, दोन स्वेटर घालून बसलो. सहा तासांत पाणी दोन बोटं उतरलं. वाफच नव्हती, म्हणजे गळतंय ते पाणी, आणि तेही खालून. सगळे पाइप उघड्यावर आहेत, एक सोडून. रेडिएटरचं पाणी परत आणणारा पाइप वॉशिंग मशीनशी फरशीखाली शिरतो आणि थेट बॉयलरपाशी वर येतो.

बॉयलर चालू केला आणि अनवाणी चाललो. तू नको म्हणाली होतीस, तरी तिथे उभा राहिलो. माफ कर. परातीएवढी जागा कोमट आहे. खालचा पाइप फुटलाय आणि गरम पाणी मातीत जिरतंय.

मग रबराच्या दोन पिशव्यांत सदतीस अंशांचं पाणी भरलं. एक त्या जागेवर ठेवली, एक जिन्याजवळ. दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावला. साडेतीन तासांनी जिन्याजवळची चोवीस होती. त्या जागेवरची चौतीस.

बॉयलरच्या पत्र्यावर काकांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: ‘दही मशीनसमोर उत्तम लागते. नोव्हें. २०२२.’ म्हणजे ते जायच्या दोन हिवाळे आधीपासून ती जागा कोमट आहे. टर्बाइनवाल्या माणसाला ती का तापते हा प्रश्न पडला नसेल, असं होणार नाही. पण दही लागत होतं.

डॉक्टर बरोबर होते, काकू. तो हात फरशीने कोमट ठेवला होता.

पाइपांचं विचारशील. सकाळी सातला बॉयलर पेटतो आणि पाणी कमी असलं की ते वाजतात. अकरा दिवस वेळ टिपून ठेवली, एकदाही चुकली नाही. त्या दिवशीचा आवाज मी ऐकलेला नाही, तेवढं मात्र मला मोजता येत नाही.

डेव्ह नावाचा म्हातारा प्लंबर गुरुवारी, १३ फेब्रुवारीला, फरशी फोडायला येतोय. तू नको म्हटलंस तर थांबवतो.

रागावलीस तरी लिही.
वेदांत


चँडलर
३ फेब्रुवारी

चि. वेदांत,

आशीर्वाद. रागावले. माझा नवरा जिथे पडला तिथे रबरी पिशव्या मांडून बसलास. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. अनिकाने विचारलं, वेदांतने काय लिहिलंय. मी म्हटलं, दह्याबद्दल. दुसऱ्या दिवशी पत्र काढून तुझे आकडे बोटाने एकेक वाचले.

मी तुझं मानते. तुझ्यासारखा घाबरट मुलगा खात्री नसती तर लिहिता ना.

अकरा महिने मी मनात रोज फोन ठेवून तो जिना उतरतेय आणि वेळेवर पोचतेय. आता तू म्हणतोस, उतरून उपयोग नव्हता. मोकळं वाटायला हवं, पण वाटलं नाही. चूक माझी होती तोवर हे थोडे जिवंत होते, खाली माझी वाट बघत. काल पहिल्यांदा ते गेले असं वाटलं. अनिकाच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग जेवले, दोन पोळ्या.

डेव्हला थांबवू नकोस. मी बुधवारी, १२ तारखेला, ऑल्बनीच्या विमानतळावर उतरतेय. अनिकाने आदळआपट केली आणि शेवटी तिकीट काढून दिलं. घर विकायचं की नाही, ते नंतर बघू. डेव्हला फक्त एवढं सांग, पहिला घाव मला विचारून घालायचा. त्या दिवशी मी वर होते. गुरुवारी खाली उभी राहणार आहे.

तोवर बॉयलरला पाणी घालत राहा, त्याला तहानेला ठेवू नकोस.
तुझी काकू